पैसे परत गेले, नाव नाही

जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. घर ख्रिस्ती, यजमान मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कमिटीत खजिनदार. मुलगा जुलैत बारा पूर्ण झाला. डिसेंबरात तो कॅरोलच्या पोरांबरोबर घरोघरी फिरला आणि वर्गणीची पिशवी त्याच्या खांद्याला होती. बाकीची पोरं पुढच्या घराकडे वळली असताना एका आजींनी दारात त्याच्या हातात पाकीट दिलं. आत पाचशेची नोट होती. त्याने पाकीट खिशात घातलं आणि वही लिहिणाऱ्या दादाला सांगितलं, "आजींनी या वर्षी काही दिलं नाही." जानेवारीत देणगीदारांची यादी फलकावर लागली, तेव्हा उपासनेनंतर आजी या ताईंना म्हणाल्या, "माझं नाव राहिलं गं यादीत." रात्री घरी विचारपूस झाली. मुलाने तीनदा नाही म्हटलं, वडिलांनी पट्टा काढला, मग तो हो म्हणाला. वडिलांनी त्याला पवित्र शास्त्रातली गेहजीच्या कोडाची आणि हनन्या-सप्पीरेच्या मरणाची गोष्ट सुनावली. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या खिशातले पाचशे अर्पणाच्या पिशवीत गुप्तदान म्हणून टाकले आणि सांगितलं, विषय संपला, कुठे बोलायचं नाही. ताईंना हे पटत नाही. त्यांना वाटतं, मुलाने मंडळीसमोर उभं राहून कबूल करावं. मुलगा त्या रात्रीनंतर धड बोलत नाही. एकदाच चिडून म्हणाला, "पप्पा एसटीत माझं वय अकरा सांगतात, ते चालतं?" ताई विचारतात: दहा आज्ञा पाठ आहेत, संडे स्कूल एक रविवार चुकत नाही, मग आमचं कुठे कमी पडलं? त्याला उभं करू, की विषय सोडून देऊ?

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

तुमचं पत्र चार पानी आहे आणि चारही पानं त्या पाचशे रुपयांभोवती फिरतात. आजींचं वाक्य मात्र एकाच ओळीत येतं आणि निघून जातं. मी तिथेच अडकले. तुमच्या यजमानांनी पैसे भरले, हिशोब जुळला. फलकावर आजींचं नाव मात्र अजून नाही. मंडळीच्या लेखी त्या बाईने या नाताळाला काही दिलेलं नाही, आणि गावातली मंडळी केवढी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. यादी वाचणारे डोळे नाव आहे का ते बघतात, तसे कुणाचं नाही तेही बघतात.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा तुमच्या मुलाला पाठ आहे. (आपल्या प्रॉटेस्टंट मोजणीत ती नववी, वसईच्या कॅथलिक वाचकांच्या मोजणीत आठवी.) आपण ती मुलांना "खोटं बोलू नये" अशी सैल करून शिकवतो. मूळ शब्द बघा, त्यात शेजारी आहे. तुमच्या मुलाने चोरी केली हे खरं, पण त्याहून नेमकं असं की त्याने एका म्हाताऱ्या बाईविरुद्ध वहीत साक्ष नोंदवली. ती अजून मागे घेतलेली नाही. म्हणून विषय संपलेला नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मंडळीसमोर उभं करण्याचं मात्र नाही. त्याकडे येते.

आधी त्या दोन गोष्टींबद्दल. गेहजी हा अलीशा संदेष्ट्याचा चाकर. त्याने नामान सेनापतीकडून चांदी आणि कपडे उकळले, अलीशाशी खोटं बोलला आणि कोड घेऊन बाहेर पडला. हनन्या आणि सप्पीरा हे नवराबायको विकलेल्या जमिनीच्या पैशाबद्दल खोटं बोलले आणि जागच्या जागी मेले. बारा वर्षांच्या पोराने यातून काय घ्यावं? मी सव्वीस वर्षं संडे स्कूल घेतलं, त्या अनुभवावरून सांगते: तो एवढंच घेतो की पकडलं गेलं की संपलं, तेव्हा पकडलं जायचं नाही. याला थोडा आधारही आहे. २०१४ साली टोरोंटो विद्यापीठाचे कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मागे ठेवलेल्या खेळण्याकडे बघू नको असं सांगून मोठं माणूस बाहेर जाई. परत आल्यावर गोष्ट वाचून दाखवी आणि मग विचारी, बघितलंस का? लांडगा आला रे आला, किंवा खोटं बोलल्यावर नाक लांब होणारा लाकडी बाहुला, या गोष्टी ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांना कबूल करणाऱ्या आणि वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. गंमत अशी की ती चेरीची गोष्टच मुळात रचलेली मानतात. वीम्स नावाच्या पाद्रीबुवांनी ती १८०६ च्या आपल्या पुस्तकाच्या आवृत्तीत घातली. असो. तुमचा मुलगा सात वर्षांचा नाही, तेव्हा हे जसंच्या तसं त्याला लावू नका. पण भीतीची गोष्ट मुलाला खरं बोलायला लावते हे आपण जे धरून चालतो, ते तपासून बघायला हवं.

आणि हनन्याची गोष्ट पुन्हा काढून वाचा, प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय. जमीन तुझीच होती, पैसेही तुझेच होते, असं प्रेषित पेत्र त्याला सांगतो. थोडे पैसे मागे ठेवले हा त्याचा अपराध नव्हता. मंडळीसमोर आपण आहोत त्यापेक्षा चांगले दिसावं म्हणून तो खोटं वागला. ताई, ही लहान मुलांची गोष्टच नाही. ही कमिटीवाल्यांची गोष्ट आहे. खजिनदाराच्या घरात पैशाचं प्रकरण झालं आणि ते गुप्तदानाच्या पाकिटात घालून झाकलं, यामागे तुमच्या यजमानांना काय वाटलं असेल ते मला कळतं. उद्या वार्षिक सभेत कुणीतरी उठून "यांच्या घरात बघा" म्हणेल, ही भीती खोटी नाही. पण मुलाने ते सगळं पाहिलं आहे. त्या रात्री त्याला पट्ट्याने सांगितलं गेलं की खरं लपवू नये, आणि रविवारी त्याच्या डोळ्यांदेखत दाखवलं गेलं की घरची अब्रू असेल तर लपवावं. यातलं दुसरं त्याच्या लक्षात राहील.

आता एसटीचं. "मोठ्यांना उलट बोलतो" म्हणून तुम्ही ते वाक्य पत्रात लिहिलंय, पण त्या रात्रीनंतर तुमच्या घरात तेवढं एकच वाक्य मोकळेपणाने खरं बोललं गेलंय. अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंत. जुलैत बारा पूर्ण झालेल्या पोराचं वय नोव्हेंबरात अकरा सांगितलं, आणि तेही तो शेजारी उभा असताना. कंडक्टरने त्याच्या उंचीकडे बघितलं असेल, त्याने मान खाली घातली असेल. मी तुमच्या यजमानांना चोर म्हणत नाही. हे आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की ते खोटं आहे हेच डोक्यात येत नाही. तरी "ते वेगळं, हे वेगळं" हे उत्तर मात्र त्याला देऊ नका. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं, तेव्हा तुमच्या प्रवासात तेवढे पैसे तसेही वाचतातच. पुढच्या वेळी मामाच्या गावी जाताना पप्पांनी मशीनसमोर "दोन फुल, एक महिला" म्हणावं आणि सीटवर बसल्यावर पोराला म्हणावं, "मागच्या वेळी मी चुकलो." भाषण नको. तो काही बोलणार नाही, खिडकीबाहेर बघेल. चालेल.

हे मी फार वरच्या पायरीवरून बोलत नाही. संडे स्कूलमध्ये मी एक तक्ता लावला होता. दर रविवारी विचारायचे, आठवडाभर रोज पवित्र शास्त्र कोणी वाचलं? हात वर केला की नावापुढे सोनेरी चांदणी. पहिल्या रविवारी सात हात वर, महिन्याभरात सगळे. मी घरी येऊन आनंदाने सांगितलं, मुलं बदलली! एक मुलगी मात्र कधी हात वर करत नसे. तिच्या रांगेत एकही चांदणी नव्हती, नाताळच्या बक्षीस समारंभात तिला काही मिळालं नाही, आणि तिच्या आईने मला दारात गाठून विचारलं, "माझी पोरगी एवढी वाईट आहे का हो?" मग मी वर्गाला सहज विचारलं की या आठवड्यात कोणता भाग वाचला. शांतता. सगळ्या वर्गात ती एकटी खरं बोलत होती आणि मी तिला दर रविवारी शिक्षा करत होते. बाकीच्यांना खोट्याचे पैसे देत होते, सोनेरी कागदात. तक्ता मी काढला. तिची माफी मागायला मला आणखी दोन वर्षं लागली.

म्हणून "आमचं कुठे कमी पडलं" हा तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून विचारते: तुमच्या घरात खरं बोलणं किती महाग आहे? त्या रात्री तो पहिल्याच प्रश्नाला हो म्हणाला असता, तर पट्टा निघाला नसता का? मनापासून उत्तर द्या, मला नको, स्वतःला. पट्टा दोन्हीकडे असेल तर नाही म्हणून बघण्यात पोराचा तोटा काहीच नाही. "छडी आवरू नये" हे नीतिसूत्रांतलं वचन यजमान दाखवतील. पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिताना बापांना वेगळं गाठून सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका, सहावा अध्याय, चौथं वचन. दोन्ही वचनं एकाच पुस्तकात आहेत. आणि पट्ट्याने त्याला हो म्हणायला लावलं, यापलीकडे त्या रात्री त्याने काय साधलं ते मला दिसत नाही. तो तेव्हापासून गप्प आहे.

जे तुम्हाला ठाऊक आहे ते मुलाला अजाणपणाचा आव आणून विचारू नये, हे सगळ्याच आईवडिलांना सांगते. "पाकीट कुठंय?" हा प्रश्न नव्हता, सापळा होता, त्याने तीनदा पाय घातला. "आजी मला भेटल्या, पाकिटाचं मला कळलंय, जेवण झाल्यावर आपण दोघं बोलू," एवढं म्हटलं असतं तर तीन खोटी वाचली असती. एदेन बागेत देवानेही विचारलं होतंच की, आदामा, तू कुठे आहेस, असं एखादा पाळकसाहेब म्हणेल. विचारलं. पण ती हाक होती, झाडामागून बाहेर ये म्हणून. पुढे शिक्षा झाली, बाग सुटली, आणि तरी त्याच अध्यायात देव त्या दोघांना कातड्याचे कपडे करून घालतो. शिक्षाही आहे आणि पांघरूणही आहे. आपण बहुतेक वेळा यातलं एकच देतो.

मंडळीसमोर कबुलीबद्दल. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात क्रम दिलेला आहे: आधी एकट्याने एकट्याशी बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घे, तरी नाही तर मंडळी. तुम्ही शेवटच्या पायरीवरून सुरुवात करायला निघालात. ज्यांचा अपराध झाला त्या आजी आहेत, दीडशे लोक नाहीत. व्यासपीठावर उभा केलेला बारा वर्षांचा मुलगा पश्चात्ताप करत नाही, तो फक्त तिथून कधी सुटतो याची वाट बघतो. आणि त्यानंतर दहा वर्षं तो "पाकीटवाला" राहील. आपली माणसं प्रेमळ आहेत, पण टोपणनावं ठेवण्यात कुणाला ऐकत नाहीत.

मग काय करायचं?

आधी तुम्ही दोघं नवराबायको बोला, मुलगा झोपल्यावर. यजमान तयार नसतील तर पुढचं काही होणार नाही, कारण झाकलं त्यांनी आहे. मग त्यांनी एकट्याने पाळकसाहेबांकडे जावं आणि सगळं सांगावं. खजिनदाराला हे जड आहे. पण वार्षिक सभेत दुसऱ्याने सांगण्यापेक्षा हलकं आहे.

यादी दुरुस्त व्हायला हवी. तिथे एका शब्दापासून सांभाळा: "अनवधानाने". आपल्या सगळ्या शुद्धिपत्रांत तो असतो आणि इथे तो चक्क खोटा ठरेल. फलकावर एवढंच लिहावं की अमुक यांचे पाचशे रुपये यादीत नोंदवायचे राहिले होते, ते नोंदवले आहेत. कसे राहिले ते लिहायची गरज नाही. सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही, सांगू ते खरं हवं. मुलाला हा फरकही याच निमित्ताने दाखवता येईल. गुप्तदानातले ते पाचशे हिशोबात आजींच्या नावे वळवून घ्या. ते पाळकसाहेबांच्या सहीने होऊ दे, एकट्या खजिनदाराच्या नको.

पैसे मुलाने फेडायचे. आत्ता ते पप्पांनी फेडलेत, म्हणजे त्याच्या लेखी फुकटात सुटले. जुन्या करारातल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नियम आहे: अपराध कबूल करावा, घेतलेलं पुरतं परत करावं आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. पाचशेवर शंभर, म्हणजे सहाशे. पाचशे पप्पांना, शंभर कॅरोलच्या निधीत. तुम्ही लिहिलंय की त्याला आठवड्याला पन्नास रुपये खाऊला मिळतात. त्यातले तीस कापा, वीस त्याच्या हातात राहू द्या. वीस आठवडे लागतील, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत हिशोब पुरा होईल. वहीत लिहायचं, त्याने स्वतः. शेवटचे तीस दिल्यावर वही बंद, आणि त्यानंतर घरात कुणीही, आजोबा-आजीसुद्धा, भांडणात ते पाकीट काढायचं नाही. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेल्याचं चौपट परत करायचं म्हटलं, म्हणून इथेही चौपट लावू नका. त्याच्यावर ते कुणी लादलं नव्हतं. प्रभूने आधी म्हटलं, आज तुझ्या घरी उतरणार, आणि मग जक्कय उभा राहून स्वतःहून बोलला.

आजींकडे त्याने जायचं, पप्पांबरोबर. तुम्ही नको, आई असली की तो तुमच्यामागे उभा राहील आणि बोलणं तुम्हीच कराल. काय म्हणायचं ते आधी घरी ठरवा, दोन वाक्यं पुरेत: "आजी, तुमचं पाकीट मी घेतलं. तुम्ही काही दिलं नाही असं मी वहीत खोटं सांगितलं." यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि तेच महत्त्वाचं. नंतर पप्पांनीही एक वाक्य बोलावं, "मी ते झाकलं, माझंही चुकलं." आजी रागावतील, कदाचित शेजारी सांगतीलही. ते त्यांच्या हातात आहे. क्षमा मागताना ती मिळेलच असं धरून जायचं नसतं, हे मुलाला आधीच सांगा.

मंडळ्यांच्या कमिट्यांसाठी एक बाजूची सूचना. उघडी पिशवी बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर देऊन त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेऊ नये. पिशवीबरोबर दोघं असावेत, पावती दारातच फाडावी, मोजणी तिघांसमोर व्हावी. "आपलीच पोरं, विश्वास आहे" हे ठीक. पण पौलाने यरुशलेमच्या मदतीचे पैसे जमवायला आपला सहकारी तीत याला पाठवताना त्याच्याबरोबर आणखी माणसं दिली आणि कारणही लिहिलं, की या देणगीवरून कुणी आपल्याला दोष देऊ नये. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. पौलाला तीतावर संशय नव्हता.

ज्यांची मुलं चार-पाच वर्षांची आहेत आणि "मी नाही सांडलं, मांजरीने सांडलं" म्हणतात, त्यांनी हे पत्र वाचून घाबरू नये. घरात मांजर नसली तरी. फडकं हातात द्या, पुसायला लावा, मांजरीलाही मदतीला बोलवा म्हणा. तिथे कोड आणि मरण आणू नका.

येत्या डिसेंबरात तो कॅरोलला जाईल का, तुम्ही शेवटी विचारलंय. जाऊ दे, आणि पिशवी पुन्हा त्याच्याचकडे असू दे, बरोबर दुसरा एक आणि पावतीपुस्तक घेऊन. येशूला धरून नेलं त्या रात्री पेत्राने शेकोटीपाशी, मी त्याला ओळखत नाही, असं तीनदा म्हटलं होतं. पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी प्रभूने पुन्हा कोळशाचा विस्तव केला, मासे भाजले, आधी त्या सगळ्यांना न्याहारीला बोलावलं. खाऊन झाल्यावर तीनदा विचारलं. ते "का खोटं बोललास" असं नव्हतं. माझ्यावर प्रीती करतोस का, असं होतं. आणि प्रत्येक उत्तरावर काम दिलं, मेंढरांचं.

आणखी एक राहिलं. त्या पाचशेचं त्याने केलं काय, हे चार पानांत कुठेच नाही. कुणी विचारलंय का? वाढदिवसाची वर्गणी असेल, कुणाचं देणं असेल, मोबाइलवरचा खेळ असेल, किंवा नोट अजून पुस्तकात तशीच असेल. आजींकडे जाण्याआधी विचारा, आवाज न चढवता, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. काय निघालं ते मला कळवू नका, ते तुमच्या घरात राहू दे.

आजी चहा ठेवतील. तो नको म्हणेल. यजमानांना आधीच सांगून ठेवा, घाईने उठायचं नाही, त्याचा कप संपेपर्यंत बसायचं.